रिसीव्हरचा दिवा विझतो का, ते आधी बघा

शिरपूरहून एका भाऊंनी विचारलंय. त्यांच्याकडे १/१० स्केलची, ब्रश मोटारची रिमोट कार आहे. तयार घेतलेली. मग एकेक गोष्ट बदलत गेली. आधी निकेल मेटल हायड्राइड बॅटरीच्या जागी टू-एस, म्हणजे दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आली, पुढे तीन सेलची थ्री-एस. स्टिअरिंगचा, म्हणजे पुढची चाकं वळवणारा, प्लास्टिक गिअरचा सर्व्हो काढून २५ किलो ताकदीचा मेटल गिअरचा बसवला. बॉडीला पुढे-मागे मिळून आठ एलईडी, मोटारवर छोटा पंखा. बॅटरी मागे सरकवल्यावर तिची वायर पुरेना, म्हणून घराच्या वायरिंगमधला उरलेला तुकडा पीळ मारून जोडला आणि वर काळी टेप गुंडाळली. आता फुल थ्रॉटल देऊन वळवलं की गाडी एक-दोन सेकंद मरते आणि आपोआप परत जिवंत होते. कधी कधी उभ्या गाडीचंही स्टिअरिंग थरथरतं. एका दुकानदाराने रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा गाडीतला डबा) खराब आहे म्हणून सांगितलं, तो बदलला, फरक शून्य. आता प्रश्न असा: "सर, कोणता ईएससी घेऊ?" ईएससी म्हणजे बॅटरी आणि मोटारच्या मधला स्पीड कंट्रोलर.

भाऊ, सध्या कोणताच घेऊ नका. रिसीव्हरचे पैसे गेले तेवढे पुरे.

माझं जळगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, काम जास्त करून पाणबुडी पंपांचं. रिमोट गाड्यांचा नाद बारा वर्षांचा. तुमचा प्रश्न वाचला आणि मला यावल-रावेरकडचे केळीवाले आठवले. शेतकरी येतो आणि सांगतो, "मीटर लावून बघितलं, व्होल्टेज बरोबर येतं, तरी मोटार पाणी उचलत नाही." मी विचारतो, मीटर लावलं तेव्हा पंप चालू होता का? नव्हता. पंप बंद असताना तारेत करंटच नसतो, म्हणून लांबच लांब केबलच्या शेवटीही व्होल्टेज पूर्ण दिसतं. पंप सुरू करा, की तेच व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि झोपडीतला बल्ब पिवळा पडतो. तुमच्या गाडीचंही असंच काहीतरी आहे असा माझा अंदाज आहे. उभी असताना सगळं ठीक, काम पडलं की कुठेतरी व्होल्टेज बसतं. कुठे बसतं, एवढंच शोधायचं.

अंदाज म्हटलं, कारण गाडी माझ्यासमोर नाही आणि "गाडी मरते" याचे तीन वेगळे अर्थ निघतात. ते आधी वेगळे करू.

पहिली शक्यता, रिसीव्हरलाच वीज कमी पडते. या गाड्यांत रिसीव्हरला वेगळी बॅटरी नसते. ईएससीच्या पोटात बीईसी नावाचं एक छोटं सर्किट असतं, ते मोठ्या बॅटरीतून पाच-सहा व्होल्ट काढून रिसीव्हरला देतं. सर्व्हो, पंखा, दिवे, जे जे तुम्ही रिसीव्हरला खोचता ते सगळं त्याच्यावरच जगतं. एकाच नळावर चार घरं. व्होल्टेज फार खाली गेलं की रिसीव्हर बंद पडतो, व्होल्टेज आलं की परत सुरू होऊन रिमोटला शोधतो. तुमचे एक-दोन सेकंद बहुधा तेच.

दुसरी, ईएससीचा लिपो कटऑफ. लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेला की कायमचा बिघडू लागतो. म्हणून ईएससी बॅटरी खाली आल्यासारखी वाटली की मोटारची वीज तोडतो. बॅटरी खरोखर रिकामी असेलच असं नाही. तुमची पीळ मारलेली वायर मध्येच व्होल्टेज खात असेल, तरी ईएससीला बॅटरी रिकामीच वाटणार.

तिसरी, ईएससी तापून स्वतःला थांबवतो. पण तापलेला ईएससी दोन सेकंदांत थंड होत नाही, म्हणून ही तुमच्या बाबतीत मला कमी वाटते.

ओळखायचं कसं? बॉडी काढा आणि रिसीव्हरवरच्या बारक्या दिव्यावर नजर ठेवा. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मोबाइलवर जवळून व्हिडिओ घ्यायचा, नंतर तो हळू करून बघायचा. गाडी मरते त्या क्षणी दिवा विझला किंवा लुकलुकला, तर बहुधा पहिली शक्यता. दिवा तसाच आहे, स्टिअरिंगही वळतंय, फक्त चाकाला ताकद नाही, तर दुसरी किंवा तिसरी. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. व्होल्टेजचा हा खड्डा क्षणभराचा असतो आणि मीटरचा आकडा स्थिर व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

आणखी पक्की खात्री हवी असेल तर माझ्याकडची स्वस्तातली परीक्षा करा. चार एए रिचार्जेबल सेलचा होल्डर घ्या, १.२ गुणिले चार म्हणजे ४.८ व्होल्ट. ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन वायरींतली फक्त लाल तात्पुरती काढा (कशी ते पुढे सांगतो) आणि रिसीव्हरला या चार सेलवर चालवा. गाडी मरायची थांबली, तर ईएससीची मोटार चालवणारी बाजू ठीक आहे, फक्त त्यातला बीईसी कमी पडतोय. साधे टॉर्चचे सेल नकोत, सर्व्होने ओढ घेतली की ते लगेच बसतात.

उभ्या गाडीतली थरथर मला याच बाजूला नेते. मोटार फिरतच नाही, म्हणजे तिच्या ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास हे कारण होऊ शकत नाही. मग उरतो पुरवठा, नाहीतर सर्व्हो स्वतः. चार सेलवरही थरथरला तर सर्व्होच बघावा लागेल.

आता तुमच्या बीईसीवर काय भार पडतोय तो मोजू. आठ एलईडी, प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरले तरी सगळे मिळून ०.१६ अँपिअर. लोक आधी दिव्यांनाच दोष देतात, पण त्या बिचाऱ्यांचं खाणं फार नाही. पंखा साधारण तेवढाच. खरा खादाड सर्व्हो. २५ किलोचा सर्व्हो टोकाला अडकला की दोन-तीन अँपिअर सहज ओढतो, आणि ब्रशवाल्या स्वस्त ईएससीतला बीईसी पुष्कळदा एक-दोन अँपिअरचाच असतो.

त्यात तुम्ही थ्री-एस लावली. बीईसी जर जुन्या लिनिअर पद्धतीचा असेल, तर जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करून जाळतो. भरलेली टू-एस ८.४ व्होल्ट. पाच व्होल्ट द्यायचे तर ३.४ जाळायचे, एक अँपिअरला ३.४ वॅट. भरलेली थ्री-एस १२.६. आता जाळायचे ७.६, म्हणजे एक अँपिअरला ७.६ वॅट. डास पळवायच्या लिक्विडच्या मशीनमधला हीटर पाच वॅटच्या आसपास असतो. तशी दीड मशीन तुम्ही काड्यापेटीएवढ्या ईएससीत, तेही बॉडीच्या आत बंद करून ठेवली. टू-एसवर कुरकुरत चालणारी गाडी थ्री-एसवर मरते ती यामुळेही. स्विचिंग पद्धतीचा बीईसी असेल तर एवढा तापत नाही. तुमच्यात कोणता आहे हे लेबलवर किंवा माहितीपत्रकात असतं, आणि माझं पुढचं बरंचसं सांगणं त्यावर अवलंबून आहे.

एक फुकटचा उपाय आधी करून बघा. रिमोटवर स्टिअरिंग ड्युअल रेटचा, म्हणजे चाक किती वळावं ते ठरवणारा नॉब असतो. चाक पूर्ण वळवून धरा आणि नॉब कमी करत जा. सर्व्होचा घूं घूं आवाज जिथे थांबतो तिथे सोडा. चाक तेवढंच वळतं, पण सर्व्हो टोकाला अडकून जोर लावत बसत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

त्याने भागलं नाही तर बाहेरून वेगळा बीईसी लावायचा, पाच अँपिअरचा, स्विचिंग पद्धतीचा, आणि थ्री-एस चालणारा. व्होल्टेज निवडायचा जंपर असेल तर सर्व्होच्या आणि रिसीव्हरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचूनच बसवा. सहा व्होल्टच्या सर्व्होला ७.४ दिले तर तो आठवडाभर झकास पळतो आणि मग धूर सोडतो. बीईसीच्या इनपुटच्या दोन वायरी ईएससीच्या बॅटरीकडच्या वायरींना समांतर, आउटपुट रिसीव्हरच्या रिकाम्या किंवा बॅटरीच्या जागी. आता ईएससीच्या तीन वायरींतली लाल कायमची काढायची, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडत बसतात. वायर कापू नका. प्लगच्या बाजूला प्लास्टिकची बारीक जीभ असते, ती सुईने किंचित उचला, लाल पिन मागे ओढा, तिच्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि मागे दुमडून ठेवा. उद्या गाडी विकायची म्हटलं तर पिन परत खोचता येते. काळी किंवा तपकिरी मात्र काढायची नाही. सिग्नलला परतीचा रस्ता लागतो, तो गेला की थ्रॉटल वेड्यासारखा वागतो.

हे करताना माझी एक बॅटरी मी स्वतःच मारली आहे. बाहेरचा बीईसी थेट बॅटरीवर जोडला, की ईएससीचा स्विच बंद केला तरी रिसीव्हर चालूच राहतो. मी रात्री स्विच बंद केला, गाडी टेबलखाली सरकवली आणि जेवायला गेलो. तिसऱ्या दिवशी बॉडी उचलली तर ५००० एमएएचची लिपो पुरीसारखी फुगलेली. फुगलेली बॅटरी परत चार्ज करून बघायची नसते, ती गेली ती गेलीच. तेव्हापासून गाडी थांबली की आधी बॅटरीचा प्लग ओढायचा, बाकी सगळं नंतर.

आता त्या घरगुती वायरीकडे येऊ. गणित सोपं आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १७-१८ मिलिओहम. तुम्ही ३० सेंटिमीटर वाढवली असं धरू, जाणारी-येणारी मिळून ६० सेंटिमीटर, म्हणजे दहा-अकरा मिलिओहम. उठावाला मोटारने ४० अँपिअर ओढले तर नुसत्या तारेत ०.४ व्होल्ट गेले. तार तरी ठरल्याप्रमाणे खाते, पीळ मारलेला सांधा मात्र मनाला येईल तसा खातो. आज कमी, उद्या गंज चढला की जास्त. वर काळी टेप. आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पारा ४३-४५ ला जातो, तेव्हा त्या टेपचा गोंद पाघळून वायर आतून सरकते. मोठ्या करंटच्या जागी टेप हा उपाय नाहीच.

तोटा कुठे होतोय हे बघायची रिवायंडिंगवाल्यांची पद्धत इथेही चालते. प्लस-मायनसला प्रोब लावायचे नाहीत. एकाच वायरीच्या दोन टोकांना दोन प्रोब लावायचे, एक बॅटरीच्या प्लगशी, दुसरा ईएससीशी. मग सोबत्याला गाडी बंपरला धरून जमिनीवर दाबायला सांगा आणि दोन सेकंदच थ्रॉटल द्या. जास्त नको, अडवलेली मोटार सर्वात जास्त करंट ओढते. मीटर जितके व्होल्ट दाखवेल तितके त्या वायरीत मेले. मग फक्त सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावून बघा. बहुतेक चोर तिथेच सापडेल.

नवी वायर १४ गेजची सिलिकॉन घ्या, दोन चौरस मिलिमीटरच्या आसपास असते. थ्री-एस ठेवणारच असाल तर १२ गेज. गाडीसोबत आलेला पांढरा टामिया प्लग असेल तर तोही बदला, तो एवढ्या करंटसाठी नाही. मी एक्सटी-६० वापरतो. डाग मारताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने काम होत नाही. जाड तांबं सगळी उष्णता ओढून घेतं आणि वर नुसता खडबडीत गोळा बसतो. ६० वॅटची घ्या. एक्सटी-६० च्या नराला डाग मारताना त्यात जुनी मादी खोचून ठेवा. प्लास्टिक तापून मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत. आधी पिनेच्या वाटीत कथील भरा, वायरीच्या टोकाला वेगळं पाजा, मग दोन्ही एकत्र वितळवा आणि इस्त्री काढल्यावर हात न हलवता दहापर्यंत मोजा. डाग चकचकीत, वायरीला चिकटत चढलेला दिसला पाहिजे. हीट श्रिंक आधीच वायरीत ओवून लांब सरकवा. बारा वर्षं झाली, अजून पाचातून एकदा मी ते विसरतो आणि झालेला डाग परत काढतो.

बॅटरीच्या बाजूचा प्लग बदलताना एका वेळी एकच वायर कापा. पहिली जोडून, झाकून झाल्याशिवाय दुसरीला कात्री लावू नका. दोन्ही उघडी टोकं एकदा टेकली की काय होतं ते बघायची गरज नाही.

सगळं जोडून झालं की थेट बॅटरी लावायची नाही. दुकानात आम्ही नवीन गुंडाळलेली मोटार सिरीज बल्बवर तपासतो, गाडीसाठीही तेच करा. कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नाही, बॅटरीच्या प्लस वायरीत सिरीजमध्ये घ्या. मोटारच्या दोन वायरी सोडवून ठेवा. बॅटरी लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, ईएससीचे कॅपॅसिटर भरले. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि पाच हजारांच्या वस्तूऐवजी वीस रुपयांच्या बल्बने ते सांगितलं. या वेळी स्टिअरिंग हलवू नका, सर्व्होने ओढलं तरी बल्ब पेटतो.

गाडी पळताना दिवा न विझताही स्टिअरिंग थरथरत असेल, तर मोटारचे कॅपॅसिटर बघा. ब्रश मोटारला १०४ लिहिलेले तीन सिरॅमिक कॅपॅसिटर हवेत: दोन्ही टर्मिनलपासून पत्र्याच्या बॉडीला एकेक, आणि टर्मिनलच्या मध्ये एक. मोटार बदलताना हे हमखास राहून जातात. ब्रशलेसला ते लावायचे नसतात.

पंखा रिसीव्हरवरून काढून नव्या बीईसीवर टाका. मोटारवरचा पंखा आपल्याकडे ठेवावाच, फक्त गिरणेच्या पात्रातल्या रेतीत किंवा जिनिंगच्या आवाराजवळ चालवत असाल तर दर खेपेला त्याचा आस बघत जा. कापसाचे तंतू त्याला असे गुंडाळले जातात की पंखा अडकतो आणि नुसता करंट खात बसतो. पावसाळ्यासाठी सर्किटवर सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं.

थ्री-एसबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. साधी ५४० आकाराची ब्रश मोटार ७.२ व्होल्टच्या हिशोबाची. दीडपट व्होल्टेज दिलं की ती पळते खरी, पण ब्रश आणि कॉम्युटेटर जळत जातात. पिनिअन (मोटारच्या दांड्यावरचा छोटा गिअर) एक-दोन दाताने लहान केला तर थोडं सुसह्य होतं. ईएससीच्या लेबलवर ब्रश मोटारसह थ्री-एस स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आजच काढा. लिहिलेलं असलं तरी एप्रिल-मेमध्ये मी स्वतः टू-एसच लावतो आणि सकाळी आठच्या आत गाडी आवरतो.

अमळनेरला मी ज्यांच्याकडे काम शिकलो, ते जळालेलं पॅनेल समोर आलं की कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी अहिराणीत विचारायचे, "हाई वायर कथा जास, ते पहिले सांग." म्हणजे, ही वायर कुठे जाते ते आधी सांग. तुम्हीही सगळं उकलण्याआधी आज आहे ती वायरिंग कागदावर काढा, कोणती वायर कुठून कुठे जाते ते.

मग क्रम असा ठेवा: दिव्याचा व्हिडिओ, ड्युअल रेटचा नॉब, चार सेलची परीक्षा, आणि पीळ मारलेला सांधा काढून नीट डाग. एवढ्यात खर्च होतो तो वायर, प्लग आणि सेलचा. बाहेरचा बीईसी यानंतर. हे झालं की तीन गोष्टी कळवा: गाडी मरताना रिसीव्हरचा दिवा विझला की नाही, चार सेलवर काय झालं, आणि ईएससीच्या लेबलवर बीईसीसमोर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय. ईएससी घ्यायचा की नाही ते त्यावरून बोलू.